उलटं शिवलेलं काळीज

बुलढाणा
४ सप्टेंबर २०२४

रूपाली वहिनी,

मी मजेत आहे असं आईला सांग. खरं तुला सांगते, या हृदयाने माझा जीव घ्यायचाच बाकी ठेवला आहे.

होस्टेलवर सोमवारी सकाळी आमचे मोबाइल जमा करून घेतात ते थेट रविवारी परत देतात. रविवारी फोन केला की आई तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवते आणि शेजारच्या कलाबाईसुद्धा माझी विचारपूस करून घेतात. म्हणून ही चिठ्ठी रिकाम्या डब्यात घालून एस.टी.ने पाठवते आहे. डबा धुताना तुझ्याच हाती लागेल.

वर्ग मोठा झकास आहे. निळा युनिफॉर्म आहे, खिशावर नाव आहे, गळ्यात स्टेथोस्कोप. अँब्युलन्सवर जायचं म्हटल्यावर सगळ्यात आधी हृदय पाठ पाहिजे, असं आमच्या खर्चे मॅडम म्हणतात. चार कप्पे आणि चार झडपा इथवर माझं जमलं. पण चित्रात डावी बाजू उजवीकडे असते आणि उजवी डावीकडे, तिथे मी रोज चुकते. त्यात आता मॅडम म्हणतात, हृदयात वीज तयार होते. कुठून, कशी, कुठे जाते, काही पत्ता लागत नाही. सगळ्या माना डोलावतात, मीही डोलावते.

मेहकरच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो तेव्हा बायोलॉजीत तुझे मार्क माझ्यापेक्षा कायम जास्त असत. मला हे एकदा समजावून दे ना. आणि पुढच्या डब्यात मिरचीचा ठेचा जरा जास्त घाल, मुलींना फार आवडला.

तुझी नणंद (आणि आधीची मैत्रीण),
संजू


डोणगाव
१३ सप्टेंबर २०२४

संजू,

चिठ्ठी मिळाली. आधी वाचली, मग डबा धुतला, मग पुन्हा वाचली. निळ्या युनिफॉर्मचं वाचून मला काय वाटलं ते विचारू नकोस. नाही, सांगतेच. हेवा वाटला. फॉर्म आपण दोघींनी भरला होता. नाव दोघींचं लागलं होतं. मामाजी, म्हणजे तुझे बाबा, म्हणाले, "घरातून एक पोरगी शिकून राह्यली तेवढं बस झालं. दुसरीबी गेली त घर कोन पाहीन?" आणि घर पाहणारी मी ठरले, कारण मी सून आणि तू लेक. तूच हट्ट करून मला तुझ्या दादाची बायको म्हणून या घरात आणलंस आणि तूच बाहेर पडलीस.

असो. डब्याखालच्या पिशवीत एक वस्तू आहे, ती जपून काढ. महालक्ष्म्यांच्या ब्लाउजांची चिंधी उरली होती, तिचं हृदय शिवलं आहे. पुस्तक तेच आपलं जुनं, शिवाय मोबाइलवर आई नसताना दोन-तीन व्हिडिओ पाहिले.

आता ऐक. डावं-उजवं विसरूनच जा. शिवणाऱ्या बाईला डावी बाही म्हणजे घालणारीची डावी, आपली नव्हे. चित्रातला माणूस तुझ्याकडे तोंड करून उभा आहे, एवढं ध्यानात ठेव, मग चुकणार नाहीस. निळं कापड उजवीकडचं. अंगभर फिरून आलेलं रक्त तिथे येतं आणि फुप्फुसांकडे जातं. लाल कापड डावीकडचं. फुप्फुसांतून ताजं झालेलं रक्त तिथे येतं आणि सगळ्या अंगाला जातं. खालचा लाल कप्पा दाबून बघ, जाड लागेल. त्याला मी तीन पदरी अस्तर लावलं आहे, कारण टाळूपासून टाचेपर्यंत रक्त ढकलायचं काम त्याचं. झडपा म्हणजे आतल्या चुण्या. त्या एकाच बाजूला उघडतात. त्या मिटतात त्याचाच तो लब-डब आवाज, तुझ्या नव्या स्टेथोस्कोपातून येणारा.

वीज म्हणजे तो जरीचा धागा. उजव्या वरच्या कप्प्याच्या टोकाला मोती लावला आहे, तिथून ती निघते. तुम्ही लोक त्याला एस.ए. नोड म्हणता. वरचे दोन्ही कप्पे आवळतात. मग धागा मधल्या मोत्यापाशी येतो आणि तिथे जरा थांबतो. तो थांबतो म्हणून वरचं रक्त खाली उतरायला वेळ मिळतो. मग धागा खाली जातो, दोन फाटे फुटतात, आणि खालचे कप्पे आवळतात. एवढंच आहे ते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांनी एकमेकांचं ऐकलं पाहिजे.

मामाजी काल वावरातून येताना बांधावर बसून राहिले. म्हणाले, पित्त झालं. लिंबू-पाणी दिलं.

ठेचा भरपूर घातला आहे.

रूपाली


बुलढाणा
२२ सप्टेंबर २०२४

वहिनी,

तुझ्या हातांची दृष्ट काढावी असं काम आहे. वर्गात नेलं तर मुलींनी हातोहात फिरवलं. मॅडमनी टेबलावर ठेवून सगळा धडा त्याच्यावर शिकवला. मला उभं करून विचारलं, तर मी विजेचा रस्ता न अडखळता सांगितला. चुण्या, अस्तर, मोती, सगळं तुझंच बोलले.

आता आम्ही ई.सी.जी.ची पट्टी वाचतो. तुला मजा वाटेल म्हणून सांगते. आधी एक छोटा उंचवटा येतो, तो वरच्या कप्प्यांचा. मग थोडी सपाट रेघ, ती तुझ्या मधल्या मोत्याची. मग टोकदार सुळका, तो खालच्या कप्प्यांचा. आणि शेवटी बुटकी टेकडी, म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी तयार होतात. सिनेमात सरळ रेघ आली की झटका देतात ना, ते खोटं आहे. सरळ रेघेला झटका द्यायचा नसतो, छाती दाबत राहायची असते.

काल अँब्युलन्समध्ये बसून चिखलीपर्यंत जाऊन आलो, नुसतं बघायला. सायरन वाजला की सगळा रस्ता बाजूला होतो. तू असतीस तर तुला फार आवडलं असतं.

बाबांना म्हणावं तिखट कमी खा.

संजू


डोणगाव
२० ऑक्टोबर २०२४

संजीवनी,

तुझ्या दादाने मेहकरहून जिलेबी आणली, ती ज्या पेपरात बांधली होती त्यात तुझा फोटो होता. हातात कापडी हृदय. खाली छापलं आहे, "कु. संजीवनी हिने स्वतः शिवलेल्या हृदयाच्या प्रतिकृतीचे कौतुक होत आहे."

आईंनी तो कागद पाक पुसून देवाजवळ ठेवला. येईल त्याला दाखवतात. मला म्हणाल्या, "माह्या संजूच्या हातात कला हाये वो. कोनं शिकोलं नाई, तरी पाह्य ना कसं शिवलं." मी चहा गाळत होते. म्हणाले, हो ना आई. कॉलेजात असताना तुझ्या ड्रेसचं बटण मीच लावून देत होते, ते आईंना ठाऊक नाही.

तुझ्या दादाला सगळं माहीत आहे. मी मशीनवर बसून शिवत होते तेव्हा त्यांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, "जाऊ दे ना, घरचंच त हाये." घरचं आहे. लोणचं घरचं असतं, पापड घरचे असतात, मीही घरचीच आहे. नाव तेवढं एकीचं असतं.

तू शिकायला गेलीस याचा हेवा मी करत होते, आणि त्याची मला थोडी लाजही वाटत होती. आता लाज वाटत नाही.

मामाजींची बंडी शिवायला घेतली आहे. छातीचं माप घेताना टेप धरून उभी होते, तर त्यांचे ठोके हाताला लागले. इतके सावकाश की एक झाला तर दुसऱ्याची वाट पाहावी. शांत माणसाचं काळीज असं असेल. माझं तर तो फोटो दिसला की धडधडतं.

या डब्यात ठेचा नाही. मिरच्या संपल्या.

रूपाली


बुलढाणा
१६ जानेवारी २०२५

वहिनी,

तीळगूळ पाठवते आहे. गोड बोलणं तुला जमेल का ते माहीत नाही, मला जमवायचं आहे.

दिवाळीत घरी आले तेव्हा आपण दोघींनी एका परातीत करंज्या लाटल्या आणि त्या फोटोचा विषय एकीनेही काढला नाही. आई होती, दादा होता. पण तुझ्या लाटण्याचा आवाज मला समजत होता.

ऐक मग. पेपरवाला आला तेव्हा मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने विचारलं, तुम्ही शिवलं का? मी हो म्हणाले. एकदा हो म्हटल्यावर ते मागे घेता येईना. तुला वाटतं हेवा फक्त तुलाच करता येतो. मी घरी येते तर माझ्या आईला मीठ कुठे आहे ते तुला विचारावं लागतं. बाबांना बंडी तुझ्याच हातची लागते. माझ्या खोलीत तुझं मशीन आहे. दिवाळीत मी माझ्याच घरी पाहुणी होते आणि तू मला वाढत होतीस. इथे तरी काहीतरी माझं असावं असं वाटलं. त्यासाठी तुझं घेतलं, हे बरं नाही केलं. पण तुझ्याकडे एवढं होतं.

आणि एक. प्रत्येक पत्रात बाबांचं पित्त आणि बाबांचे ठोके कशाला लिहितेस? मला घरी ओढायचा हा डाव मला समजतो. दिवाळीत पाहिलं मी त्यांना, ठणठणीत होते.

आता लाज सोडून मागते. फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा आहे. अकोल्याहून बाहेरचे डॉक्टर येणार आहेत आणि मॅडमनी त्यांना हृदयाबद्दल आधीच सांगून ठेवलं आहे. पहिलं हाताळून हाताळून पार फाटलं. नवीन शिवून देशील? नाही दिलंस तर सगळ्यांसमोर मला सुई धरावी लागेल.

संजू


डोणगाव
२ फेब्रुवारी २०२५

संजू,

हृदय पाठवते आहे. यावेळी कापड चांगलं घेतलं, आतूनही अस्तर लाल-निळंच लावलं. खालच्या टोकाला कच्चा टाका आहे, तिथून कापूस भरला आहे. परीक्षेआधी नीट निरखून बघ.

परवा कलाबाईंच्या नातवाच्या बारशाला जिना चढताना मामाजींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्या पायरीवरच बसले. बायका म्हणाल्या, वय झालं. तुला घरी ओढायला लिहीत नाही. बस.

रूपाली


बुलढाणा
२० फेब्रुवारी २०२५

रूपाली,

वहिनी लिहीत नाही. हे पत्र मी बाकावरच्या रूपालीला लिहिते आहे.

बाबांजवळ अकोल्याच्या दवाखान्यात होते, कालच परत आले. तिथे आपण दोघी एका बाकड्यावर बसून होतो आणि मला हे बोलता आलं नाही. आता सगळं पहिल्यापासून लिहिते.

तुझं हृदय आलं त्या दिवशी मी ते खोलीत नेऊन टेबलावर ठेवलं आणि बघतच राहिले. जाड कप्पा हृदयाच्या उजव्या बाजूला होता. टोक उजवीकडे वळलेलं. सगळं उलटं, आरशात पाहिल्यासारखं. गेल्या वर्षी मला ते कळलंही नसतं, यंदा एका नजरेत कळलं. आणि हेही कळलं की तू कापड उलट-सुलट करायला कधी चुकत नाहीस. म्हणजे मुद्दाम केलंस. मी डॉक्टरांसमोर हे धरून उभं राहावं, सगळ्यांनी हसावं, आणि मी शिवलं म्हणाले असल्यामुळे मला कोणावर ढकलताही येऊ नये. किती राग आला म्हणून सांगू.

मग तुझं "नीट निरखून बघ" आठवलं. कच्चा टाका उसवला, कापूस काढला आणि पिशवी उलटवतात तसं ते उलटवलं. आतलं बाहेर आलं आणि सगळं जागेवर बसलं. लाल डावीकडे, निळं उजवीकडे, मोती बरोबर. आणि मधल्या मोत्यापासून खालच्या कप्प्यांपर्यंत जरीच्या धाग्याने तुझं नाव. रूपाली. धागा नावातूनच खाली जातो, दुसरा रस्ताच ठेवला नाहीस. हृदय सरळ पाहिजे तर तुझं नाव वर येणार.

दोन दिवस ते तसंच उशाशी ठेवलं. मग ब्लेड घेऊन नाव उसवलं. हो, उसवलं. मला पहिला नंबर पाहिजे होता आणि तुझं नाव नको होतं.

परीक्षेत अकोल्याच्या डॉक्टरांनी हृदय हातात घेतलं, फिरवून पाहिलं, बोट बरोबर तिथेच ठेवलं. "हा धागा इथे तुटला कसा?"

मला सुचायला वेळ लागला नाही. म्हणाले, सर, मुद्दाम तोडला आहे. हा पूर्ण हार्ट ब्लॉक. वरचे कप्पे आपल्या तालावर चालतात, पण त्यांचा निरोप खाली पोचतच नाही. खालचे कप्पे मग आपल्या मनाने चालतात, फार सावकाश. ते खूश झाले. म्हणाले, छान, मग असा पेशंट अँब्युलन्सवाल्यांनी ओळखायचा कसा?

मी सांगायला लागले. नाडी फार मंद लागते. चालता चालता बसावं लागतं. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. लोक त्याला पित्त समजतात, वय झालं म्हणतात. आणि बोलता बोलता मला ऐकू आलं की मी तुझी पत्रं म्हणून दाखवते आहे. बांध. बंडी. बारसं. एकेक ठोक्याची वाट पाहावी लागते, हे तू ऑक्टोबरात लिहिलं होतंस. ती पत्रं मी फक्त टोमणे शोधत वाचली होती. एकाही टोमण्याला उत्तर द्यायचं सोडलं नाही, आणि बाबा सोडून दिले.

उत्तर तिथेच सोडलं. मॅडमना म्हणाले, मला घरी फोन करायचा आहे, आत्ता. त्या काही विचारायच्या आत मी ऑफिसात पोचले होते.

फोन तू उचललास. पुढचं तुला माहीत आहे. मला तुझी बाजू माहीत नाही. अकोल्यात विचारायचा धीर झाला नाही. लिहिशील?

संजीवनी


डोणगाव
२७ फेब्रुवारी २०२५

संजू,

तुझ्या फोनच्या वेळी मी मशीनवर होते. तू "बाबांची नाडी बघ" म्हणालीस तेव्हा आधी मला वाटलं, परीक्षेत माझं नाव सापडलं म्हणून भांडायला फोन केला असेल. मग तुझा आवाज ऐकला.

मामाजी ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मनगट धरलं. घड्याळाचा काटा पळतो आहे आणि बोटाखाली काहीच नाही, मग एक, मग पुन्हा काही नाही. शांत माणसाचं काळीज म्हणून मी लिहिलं होतं ना. तेव्हाच तुला फोन करून ओरडायला पाहिजे होतं. पण तुला काही विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं.

तू म्हणालीस, चालू देऊ नको, गाडीवर बसवू नको, १०८ लाव. तेवढ्यात तुझ्या दादाने मोटरसायकल काढलीच. म्हणाले, "अँब्युलन्स कवा येईन, म्या पाच मिन्टात मेह्यकरले नेतो." मामाजी चप्पल घालायला उठले आणि तिथेच डोलले. मी त्यांना आडवं केलं आणि जाऊन दारात उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या दादाला म्हणाले, माझ्या अंगावरून गाडी न्या. आई रडायला लागल्या, "काऊन अडवून राह्यली वो, जाऊ दे ना त्याइले." मी हलले नाही. खरं सांगू, मला खात्री नव्हती. तू म्हणालीस म्हणून उभी होते. तुझ्यावर एवढी जळत होते, तरी तुझ्या शब्दावर उभी होते. मागच्या सीटवर त्यांची शुद्ध गेली असती तर काय झालं असतं, ते मेहकरच्या डॉक्टरांनी नंतर तुझ्या दादाला सांगितलं. त्या दिवसापासून हे माझ्याशी जरा सांभाळून बोलतात.

अँब्युलन्स आली, मेहकरहून अकोल्याला नेलं, तिथलं तू पाहिलंसच; आता पेसमेकर बसवला आहे. छातीत डबीएवढं यंत्र. तुटलेल्या जागेचं काम ते करतं.

गावात काय चाललं आहे ते ऐकायचं आहे? "पोरीनं बुलढान्यात बसून बापाले वाचोलं." कुलदीपच्या किराणा दुकानात हेच, देवळात हेच. काल सरपंचांनी विचारलं, संजीवनी कधी येणार, शाल-नारळ द्यायचा आहे. मी पाणी देत उभी होते. पुन्हा तोच हेवा वाटला गं. सासरा वाचला याचा आनंद आहे, आणि त्या आनंदाच्या आत हा हेवा आहे. दोन्ही एकदम होतं. कुठल्या पुस्तकात असेल तर मला कळव.

तू नाव उसवलंस, हे वाचून फार लागलं. पण मी उलटं शिवलं होतं. तू निरखलं नसतंस तर तुझी फजिती बघायला मी इथे टपून बसले होते. म्हणून तुला काही म्हणत नाही.

आता शेवटचं. सरपंच बोलत असताना मामाजी आत पडून होते. आतून म्हणाले, "डाक्टरनं मले पुसलं, बाबा, तुमाले गाडीवर जायापासून थांबोलं कोनं? म्या म्हनलं, सुनेनं. दारात उभी राह्यली, पोराले आयकलं नाई." मग आईंना म्हणाले, "यंदा इचा फारम भरा. इथं दारात उभी राहून किती जनाले थांबवीन ते? तिकडं जाऊन शिकू द्या." आई म्हणाल्या, मग घर कोण पाहील? मामाजी म्हणाले, "घर म्या पाह्यतो. मले डाक्टरनं तसंबी वावरात जायाले नाई म्हनलं."

मी आत जाऊन मशीनवर बसले. धागाच ओवता येईना.

रूपाली


बुलढाणा
१२ मार्च २०२५

रूपाली,

"वाचून फार आनंद झाला" असं लिहिलं आणि खोडलं. आनंद झाला, पण तो रात्री. पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते. तू इथे येणार, मॅडम तुझं ऐकणार, विजेचा रस्ता तू डोळे मिटून सांगणार, आणि सगळे मला तुझी नणंद म्हणून ओळखणार. तू आमच्यानंतरच्या वर्गात असशील, तरी माझ्यापुढे असशील. कॉलेजात होतीस तशीच. मला तुझा हेवा वाटतो आणि मला वाटतं तो वाटतच राहील. फॉर्म मात्र सोमवारीच भर, शेवटची तारीख जवळ आली आहे.

मॅडमना मी खरं सांगितलं. दोन्ही हृदयं कोणी शिवली ते, उलटं का शिवलं ते, नाव कोणी उसवलं ते. मग म्हणाल्या, मार्क उत्तराचे दिले होते, शिवणाचे नाही, ते राहतील. पण हे हृदय काचेच्या कपाटात ठेवायचं आहे, आणि तुटकं ठेवायचं नाही. तुझ्याकडे जोडायला पाठवू का म्हणून विचारलं. मी म्हणाले, नको, जिने तोडलं तीच जोडेल.

तर जोडलं आहे. आठवडाभर लागला, बोटांची चाळण झाली, जरीची दोन रिळं वाया गेली. मुली हसत होत्या. कपाटात ठेवायच्या आधी तुला दाखवायला डब्यातून पाठवते आहे. हसू नकोस.

संजू


डोणगाव
१७ मार्च २०२५

संजू,

फॉर्म भरला. सही मामाजींनी केली, पेन शोधून दिलं आईंनी. तोंड फुगवूनच, पण दिलं.

हृदय पाहिलं. हसले, फार हसले. "रू" एवढा मोठा की "ली"ला जागाच उरली नाही, ती खालच्या कप्प्यावर जाऊन पडली आहे. टाके एक लांब, एक तोकडा. मागच्या बाजूला तर गुंत्यांचा नुसता गोळा. ब्लाउजवर असं काम करून दिलं असतं तर गिऱ्हाईक परत आलं नसतं. सुई घेऊन बसलेच होते. म्हटलं, सगळं उसवून अर्ध्या तासात सुबक करून देऊ, माझं नाव आहे, कपाटात लोक बघतील.

मग वरच्या मोत्यापासून बोट फिरवत आणलं. मधला मोती, मग माझं वाकडं नाव, मग खालचे दोन्ही फाटे. कुठेही तुटत नाही.

सुई परत डबीत ठेवली. जसं आहे तसं पाठवते आहे, तसंच कपाटात ठेव. ठेचा दोन बरण्या भरून घातला आहे. एक तुझी. दुसरी तशीच राहू दे, मी येईन तेव्हा उघडू.

रूपाली